बुसान पाहायला निघालात? आधी नकाशावरचे डोंगर पाहा

सोलला आलेली बरीच भारतीय मंडळी बुसानला एकच दिवस देतात. सकाळच्या गाडीने येतात, रंगीत घरांचं गाव, समुद्राकाठचं देऊळ आणि हेउंदेचा किनारा एवढं उरकतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. संध्याकाळी बुसान स्टेशनवर त्यांचे चेहरे बघवत नाहीत. दिवसातले चार तास मेट्रोत आणि बसच्या रांगेत गेलेले असतात.

मी उल्सानला राहते. तिथून बुसान लोकल गाडीने तास-सव्वा तासावर, त्यामुळे भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बुसान दाखवण्याचं खातं माझ्याकडेच आहे. पहिल्या दोन-तीन वेळा मीही तीच चूक केली. मग आई-बाबा आले. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे कुठे किती चढ आहे ते आधी बघून ठेवावं लागलं, आणि तेव्हा या शहराचा हिशोब मला उलगडला.

बुसान या नावातल्या 'बु'चा अर्थ आहे हंडा किंवा काहील, आणि 'सान' म्हणजे डोंगर. काहिलीसारखा डोंगर! तेहतीस लाखांच्या आसपास वस्ती, कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आणि देशातलं सगळ्यात मोठं बंदर. पण सपाट जागा म्हणाल तर मूठभर. डोंगरांच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात आणि शहर त्यांच्या बेचक्यांमध्ये भरून बसलंय. नकाशावर दोन बोटं दिसणारं अंतर म्हणूनच प्रत्यक्षात तासाभराचं निघतं.

शहराचे चार तुकडे पाडा. नैऋत्येला जुनं शहर: नाम्पो, जागाल्ची बाजार, गामचॉन, येओंगदो बेट. पूर्वेला किनारा: ग्वांगाल्ली, हेउंदे आणि त्याही पुढे योंगगुंग्सा हे देऊळ. उत्तरेला डोंगर: बोमोसा मठ, गुमजोंग किल्ला, दोंग्ने इथले गरम पाण्याचे झरे. आणि पश्चिमेला, नाकदोंग नदीपलीकडे, विमानतळ आणि गिम्हे गाव. एका दिवसात एकच तुकडा. हा नियम पाळलात तर बाकीचं मी पुढे सांगते ते नाही वाचलंत तरी फारसं बिघडणार नाही.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. महाराष्ट्र-गोव्यातल्यांनी त्यासाठी मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरची कागदांची यादी बघावी. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीचं पत्र हे नेहमीचंच आहे, पण यादी बदलत असते, म्हणून गेल्या वर्षी कोणी काय दिलं त्यावर विसंबू नका. प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी अर्ज टाका.

ऋतू निवडायचा तर मार्चअखेर ते मेचा मध्य, नाहीतर ऑक्टोबर. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो. जूनअखेरीपासून जुलैभर 'जांगमा' म्हणजे त्यांचा पावसाळा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची टांगती तलवार. आपल्याकडच्या लोकांना पावसाचं काही वाटत नाही, पण गामचॉनच्या ओल्या पायऱ्या आणि चपला हे जमत नाही. हिवाळ्यात बर्फ क्वचित पडतो, पण समुद्रावरचा वारा कानात शिरतो. छुसोक आणि सोल्लाल या दोन सणांच्या दिवसांत येऊच नका. अख्खा देश गावी निघालेला असतो आणि गाड्यांची तिकिटं आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी उडून जातात.

पैशांचं सोपं गणित: १,००० वॉन म्हणजे साधारण ६० ते ६५ रुपये. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या गाड्यांवर आणि प्रवासाचं कार्ड भरायला रोख लागते. टिप द्यायची पद्धत नाही. बळेच ठेवलीत तर तुमचे पैसे विसरले म्हणून मागे धावत येतील.

फोनमध्ये तीन गोष्टी घालून ठेवा: नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप, पपागो हा भाषांतराचा अ‍ॅप, आणि १३३० हा पर्यटकांचा मदत क्रमांक, जिथे इंग्रजीत बोलता येतं. पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९. गुगल मॅपवर कोरियात पायी वाटा शोधण्याच्या भानगडीत पडू नका. त्या बाबतीत तो तिथे फार पूर्वीपासून लंगडा आहे.

आणि एक सल्ला, जो कोणी मनावर घेत नाही: विमानात बसण्याआधी हंगुल लिपी शिका. मूळ अक्षरं चोवीसच. व्यंजनाला स्वर चिकटवून एक अक्षर बनवायचं ही कल्पना बाराखडी घोकलेल्या माणसाला नवी नाहीच, दोन संध्याकाळी पुरतात. शब्दांचे अर्थ कळले नाहीत तरी बसच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचता येतं, आणि बुसानच्या डोंगरातल्या बसथांब्यांवर तेवढंही पुष्कळ असतं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून येताना बहुतेकदा कुठेतरी विमान बदलावंच लागतं. तसं असेल तर सोलचा हट्ट न धरता थेट बुसानच्या गिम्हे विमानतळाचं तिकीट शोधून बघा; बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगहून तिथे विमानं येतात. विमानतळाच्या दारातूनच छोटी उन्नत रेल्वे निघते. सासांग स्थानकावर ती मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गाला मिळते, देजोला तीन नंबरच्या.

सोलहून यायचं तर केटीएक्स ही वेगवान गाडी. अडीच-पावणेतीन तास आणि साधारण ६०,००० वॉन. शुक्रवार-रविवारचं तिकीट आधी काढा. स्वस्तातली साधी गाडीही आहे, पण ती पाच तासांच्या वर घेते.

उतरल्या उतरल्या कोणत्याही चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून टी-मनी किंवा कॅशबी कार्ड घ्या, रोख देऊन भरा. बसमधून उतरतानाही ते यंत्रावर टेकवायचं असतं. तसं केलं तर अर्ध्या तासाच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो पकडल्यास पुन्हा पूर्ण भाडं कापलं जात नाही. बुसानचे बसचालक, कसं सांगू, आपल्या घाटातल्या एसटीच्या चालकांना गुरू मानतील असे आहेत. चढताक्षणी काहीतरी घट्ट धरा.

मुक्कामासाठी माझं मत सोम्योन. दिसायला काही खास नाही, दुकानं आणि दिव्यांची गर्दी. पण मेट्रोचे एक आणि दोन नंबरचे मार्ग तिथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे जुनं शहर, किनारा आणि डोंगर तिन्ही सारख्याच हाकेवर. हेउंदेला समुद्र दिसतो आणि त्याचे पैसे लागतात. नाम्पो जुन्या शहरासाठी उत्तम. कुठेही राहा, पण खोली ठरवताना 'स्टेशनपासून ४०० मीटर' एवढंच वाचून भुलू नका. पहिल्या खेपेला मी अशीच एक स्वस्त खोली घेतली होती. चारशे मीटर खरेच होते, फक्त त्यातले निम्मे उभे होते. दोन बॅगा घेऊन एकशे दहा पायऱ्या मोजत चढले, आणि वरच्या आजीबाई पाठीवर पोतं घेऊन माझ्या शेजारून पुढे गेल्या. नकाशात जागेचा फोटो उघडून रस्ता दिसतोय की पायऱ्या, हे बघून मगच पैसे भरा.

पहिला दिवस: जुनं शहर

सकाळी लवकर, नऊच्या आत, एक नंबरच्या मार्गावरच्या तोसोंग स्थानकावर उतरा. सहा नंबरच्या दाराने बाहेर पडलं की डोंगरावर जाणाऱ्या छोट्या बस मिळतात. त्यांना 'माउल बस' म्हणतात, म्हणजे गावबस. गामचॉनला जाणारे सगळे शेवटपर्यंत बसून राहतात. तुम्ही अलीकडेच, आमी-दोंगला उतरा.

आमी-दोंगचं दुसरं नाव आहे थडग्यांच्या दगडांचं गाव. जपानी राजवटीत या उतारावर जपान्यांचं कब्रस्तान होतं. १९४५ साली जपानी गेले, दगड राहिले. १९५० मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं आणि उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे बुसानला आले, कारण देशाचा हा एकच कोपरा शत्रूच्या हाती गेला नव्हता. युद्धाचा बहुतेक काळ हीच देशाची राजधानी होती. खालच्या सपाटीवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून लोक डोंगर चढले आणि चढता चढता इथे पोचले. थडग्यांभोवतीचे दगडी कठडे म्हणजे आयता पाया होता. त्यावर तंबू ठोकले, मग पत्रे आले, मग भिंती.

आजही गल्लीत फिरताना ते दगड दिसतात. एका घराबाहेर गॅसचा सिलिंडर ज्या ओट्यावर ठेवलाय तो ओटा नीट पाहा: कडा घासून गुळगुळीत केलेला चौकोनी ग्रॅनाइट, आणि बाजूला खोदलेली उभी अक्षरं. दुसरीकडे पायरीच्या खाली अर्धं नाव दिसतं, उरलेलं अर्धं सिमेंटमध्ये गेलंय. वर दोरीवर मोजे वाळत असतात. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. तिने चप्पल काढली, मग रस्त्यातच आहोत हे लक्षात येऊन पुन्हा घातली. इथे माणसं राहतात, तेव्हा हळू बोला आणि उघड्या दारातून फोटो काढू नका.

तिथून पंधरा मिनिटं चालत गेलं की गामचॉन. निळी, गुलाबी, पिवळी घरं डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली, पुढच्या घराने मागच्या घराचा उजेड अडवायचा नाही अशा बेताने. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून जास्त सांगत नाही. ही वस्तीही पन्नासच्या दशकातलीच, थेगुकदो नावाच्या एका पंथाच्या अनुयायांनी वाढवलेली. २००९ साली कलाकारांना बोलावून भिंती रंगवायचं काम सुरू झालं आणि ओस पडत चाललेलं गाव जगाच्या नकाशावर आलं. कठड्यावर बसलेल्या, 'द लिटल प्रिन्स' या गोष्टीतल्या लहान राजपुत्राच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायला लांबलचक रांग असते. ती रांग सोडा आणि मुख्य रस्ता सोडून खाली उतरणाऱ्या कुठल्याही गल्लीत शिरा. दोन वळणांनंतर पर्यटक संपतात. दारात एक नकाशा विकत मिळतो, तो घेतलात तर चुकलेली वाट परत सापडते. गुडघे दुखत असतील तर वरच्या रस्त्यावरूनच दरी बघा, खाली उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं असतं.

दुपारी डोंगरावरून खाली, जागाल्ची बाजारात. 'जागाल' म्हणजे किनाऱ्यावरचे गोटे, त्यावरून नाव. कोरियातला हा सर्वात प्रसिद्ध मासळीबाजार, आणि चालवतात तो बायका. रबरी बूट, रबरी हातमोजे, डोक्यावर कुरळे केस आणि आवाज असा की भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणींनाही ओळख पटावी. चंदेरी पट्ट्यासारखी लांबलचक मासळी दिसेल ती 'काल्ची', म्हणजे आपली वाकटी. 'कोदुंगो' म्हणजे बांगड्याचा भाऊबंद. बुसान शहराचा अधिकृत मासाच तो आहे. बाकी पिंपांमध्ये काय काय वळवळत असतं त्याला मराठीत नावं नाहीत, आणि नसलेलीच बरी.

मोठ्या इमारतीत खाण्याची रीत अशी: तळमजल्यावर मासा निवडायचा, भाव ठरवायचा, पैसे द्यायचे. मग तो वरच्या मजल्यावर जातो, आणि तिथे टेबल, चटण्या, भाज्या यांचे माणशी वेगळे पैसे लागतात. शिजवायला सांगितलं तर त्याचे आणखी. हे वरचे पैसे किती हे खालीच विचारून घ्या, म्हणजे शेवटी बिल बघून ठसका लागत नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर मासा कच्चाच येईल, कारण त्यांच्या लेखी ताज्या माशाला शिजवणं हा त्याचा अपमान आहे. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी ही इमारत बंद असते.

रस्ता ओलांडला की बिफ चौक. १९९६ मध्ये सुरू झालेल्या बुसानच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची सुरुवात या भागातल्या थिएटरांतून झाली. महोत्सव आता हेउंदेकडे सरकलाय, इथे राहिलेत जमिनीत बसवलेले कलावंतांच्या हातांचे ठसे आणि 'सिआत होत्तोक'च्या गाड्या. या गाड्यांपुढे रांग लावायला मात्र माझी हरकत नाही. कणकेचा गोळा तव्यावरच्या उकळत्या तुपकटात टाकतात, लोखंडी चकतीने दाबून चपटा करतात, तांबूस झाला की कात्रीने पोट फाडतात आणि आत चमचाभर सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे असा मसाला भरतात. आत साखरेचा पाक झालेला असतो. कागदी पेल्यात उभा ठेवून हातात देतात. पुरणपोळीची कोरियन मावसबहीण म्हणा. पहिला घास घाईने घेऊ नका, पाक जिभेला चिकटतो आणि मग दिवसभर कशाची चव लागत नाही.

याच्या मागेच गुकजे बाजार आणि त्याला लागून बुप्योंगचा 'कांगथोंग' बाजार. कांगथोंग म्हणजे पत्र्याचा डबा. युद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या छावण्यांतून बाहेर पडणारे डबाबंद पदार्थ इथे विकले जायचे. आता संध्याकाळी इथे खाऊगल्ली भरते. पुस्तकांची आवड असेल तर पलीकडच्या बोसू-दोंगच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत डोकावा. तीही निर्वासितांनीच सुरू केलेली.

शनिवार असेल तर दोन वाजण्याच्या सुमारास येओंगदोच्या पुलापाशी या. १९३४ साली बांधलेला हा पूल जहाजांसाठी मधून उचलला जायचा. १९६६ मध्ये उचलणं थांबलं आणि २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. पंधरा मिनिटं वाहनं थांबतात आणि डांबरी रस्ता पांढऱ्या पट्ट्यांसकट आकाशाकडे उभा राहतो. युद्धात घरं सोडताना लोक एकमेकांना सांगायचे, ताटातूट झाली तर येओंगदो पुलावर भेटू. बुसानमधलं ठाऊक असलेलं एकच ठिकाण ते. हजारो लोक तिथे चिठ्ठ्या लावून वाट बघत राहिले, आणि आपलं माणूस जिवंत आहे का हे विचारायला पुलाखालच्या ज्योतिषांकडे जात राहिले. पाय शिल्लक असतील तर बेटाच्या टोकाला थेजोंगदेचे कडे आहेत. नसतील तर राहू द्या.

खाण्याचा प्रश्न

इथेच सांगून टाकते, कारण पहिल्या दिवशी संध्याकाळी हा प्रश्न पेटतोच. शाकाहाऱ्यांसाठी बुसान अवघड आहे. 'मांस नाही' म्हटलं की मांसाचे तुकडे नसतात, रस्सा मात्र माशाचाच असतो. किमचीतसुद्धा बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. 'कोगी प्पे जुसेयो' म्हणजे मांस काढून द्या, 'सेंगसोनदो प्पे जुसेयो' म्हणजे मासाही काढा. बिबिम्बाप हा भाज्या घातलेला भात अंडं आणि मांस वगळून मागता येतो, बऱ्याच ठिकाणी ऐकतात. किम्बापमधून हॅम आणि माशाची वडी काढायला सांगा. आईसाठी आम्ही थालीपिठाची भाजणी नेली होती आणि खोलीत छोटी शेगडी होती. चार दिवस निभावले.

मांसाहाऱ्यांनी 'त्वेजी कुकबाप' खाऊन बघावं, हाडं तासन्‌तास उकळून केलेल्या पांढऱ्या रश्शात भात. त्यात डुक्कर असतं हे आधी सांगून ठेवते. उन्हाळ्यात 'मिलम्योन', बर्फगार रश्शातल्या गव्हाच्या शेवया. उत्तरेच्या लोकांना कुट्टूच्या शेवयांची सवय. इथे कुट्टू मिळेना, अमेरिकन मदतीचं गव्हाचं पीठ मिळे, त्यातून हा पदार्थ झाला.

खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी! आपण जसं 'मावशी, एक चपाती' म्हणतो, अगदी तसंच. पहिल्यांदा आईने हे ऐकलं आणि त्यानंतर चार दिवस तिने थेट मराठीतच 'मावशी' म्हणून काम भागवलं. बाजूच्या वाट्यांमधल्या भाज्या पुन्हा मागितल्या तर पैसे पडत नाहीत. काही घेताना-देताना दोन हात वापरा, निदान उजव्या हाताला डावा टेकवा.

दुसरा दिवस: किनारा

उलट्या क्रमाने जा, सगळ्यात लांबचं आधी. हेदोंग योंगगुंग्सा हे देऊळ हेउंदेच्याही पलीकडे, खडकांवर समुद्राला भिडून आहे. हेउंदे स्थानकाबाहेरून १८१ नंबरची बस जाते. आठपर्यंत पोचलात तर शांतता मिळेल, दहानंतर सहलींच्या बस येतात. दारात बारा राशींच्या प्राण्यांचे पुतळे, मग १०८ पायऱ्या उतरून खाली. वाटेत एक हसरा बुद्ध आहे, मुलगा हवा असलेले त्याच्या पोटावरून हात फिरवतात. शतकानुशतकांचा नाही, पण पुष्कळ हातांचा तेलकट काळा डाग त्याच्या पोटावर पडलाय. नवस बोलायला भाषा आड येत नाही, हे बघून बाबांना फार हसू आलं.

देवळाची स्थापना १३७६ मध्ये नाओंग या भिक्षूने केली असं मानतात. हा नाओंग ध्यानभद्र नावाच्या भारतीय भिक्षूचा शिष्य. ध्यानभद्र मगधातला, चीनमार्गे कोरियापर्यंत आलेला. कोरियन लोक त्याला जिगोंग म्हणतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी स्वारीत मूळ देऊळ गेलं, आज दिसतं ते विसाव्या शतकात उभारलेलं आहे. त्यामुळे प्राचीन शिल्प बघायला जाऊ नका, जागा बघायला जा. लाटा पायऱ्यांपर्यंत येतात.

तिथून सोंगजोंगचा किनारा, आणि सोंगजोंगपासून मिपोपर्यंत जुन्या रेल्वेचा रस्ता. पूर्वी इथून खरी आगगाडी जायची. रूळ आत हलवल्यावर २०२० मध्ये तिथे पर्यटकांची गाडी आणि वर तरंगणारे छोटे रंगीत डबे सुरू झाले. डब्यांचं तिकीट महाग, आणि सुट्टीच्या दिवशी आधी काढल्याशिवाय मिळत नाही. बाजूने लाकडी पायवाट मात्र फुकट आहे, समुद्र तोच. आम्ही चढाचा प्रश्न नसल्याने आईला घेऊन छोंगसापोपर्यंत रमतगमत चाललो आणि पुढे गाडीत बसलो.

हेउंदेचा किनारा दीड किलोमीटर लांब, मागे उंच काचेच्या इमारती, त्यात एक १०१ मजल्यांची. जुहूला राहिलेल्या माणसाने थक्क व्हावं असं काही नाही, फक्त स्वच्छता बघून जीव जळतो. किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला दोंगबेक नावाची टेकडी आहे, तिला फेरी मारा. सिल्ला या जुन्या कोरियन राज्यातला पंडित छे छिवोन याचं टोपणनाव 'हेउन', म्हणजे समुद्रावरचा ढग. त्याने इथल्या खडकावर 'हेउंदे' ही अक्षरं कोरली आणि गावाला नाव मिळालं, असं सांगतात. खडक अजून आहे.

मिपोच्या वरच्या अंगाला दाल्माजी टेकडी आहे. दाल्माजी म्हणजे चंद्राला सामोरं जाणं. आई आली तेव्हा नेमकी संकष्टी होती, आणि चंद्रोदयाची वेळ बघायला आमचं कॅलेंडर निरुपयोगी, कारण कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. चंद्र किती वाजता उगवणार हे फोनवर शोधलं आणि टेकडीवर जाऊन बसलो. खास चंद्र बघण्यासाठी बांधलेल्या त्या चौथऱ्यावर एक मराठी बाई तांब्या नाही म्हणून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीने अर्घ्य देतेय, आणि शेजारचं कोरियन जोडपं अदबीने फोटो काढायचं थांबवून उभं आहे, असं ते दृश्य होतं.

ग्वांगाल्लीला शनिवारी रात्री तिथल्या समुद्रावरच्या पुलासमोरच्या आकाशात ड्रोनचे खेळ होतात, उन्हाळ्यात आठ आणि दहाला, हिवाळ्यात सात आणि नऊला. शनिवारी दुपारी येओंगदोचा पूल आणि रात्री हा खेळ दोन्ही जमवायचा मोह होतो. माझा नियम मोडायचाच असेल तर इथे मोडा, पण तासभर आधी वाळूत जागा धरा.

सोम्योनहून ग्वांगाल्लीला जाताना वाटेत देयोन स्थानक लागतं. तिथून वीस मिनिटांच्या चालीवर संयुक्त राष्ट्रांचं स्मृतिस्थान आहे, १९५१ साली सुरू झालेलं. जगातलं संयुक्त राष्ट्रांचं हे एकमेव दफनस्थान. दोन हजार तीनशेच्या आसपास थडगी, आणि कापलेल्या हिरवळीवर इतकी शांतता की बाहेरच्या बसचे ब्रेक ऐकू येतात. भारताने या युद्धात लढाऊ सैन्य पाठवलं नव्हतं; लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवलं. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये ते याच बंदरात उतरलं. कोरियातल्या कामगिरीसाठी रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. प्रवेश फुकट आहे. मोठ्याने बोलू नका, खाऊ नका.

तिसरा दिवस: डोंगर, किंवा माहेर

इथे तुमची निवड. चालायची हौस असेल तर उत्तरेला बोमोसा मठ: एक नंबरच्या मार्गावर त्याच नावाचं स्थानक, तिथून ९० नंबरची बस. मठ ६७८ सालचा. नावातल्या 'बोम' या अक्षराने चिनी लिपीत आपलं 'ब्रह्म' लिहितात, आणि 'ओ' म्हणजे मासा. वरच्या डोंगरावरच्या एका खडकातल्या कुंडात ब्रह्मलोकातून आलेला सोनेरी मासा पोहायचा, अशी कथा. पहिलं दार मुद्दाम बघा: चार दगडी खांब एका ओळीत, आणि सगळं जड छप्पर त्यांच्यावर तोललेलं. मठाच्या मागून तासाभरात गुमजोंग किल्ल्याच्या उत्तर दरवाजाशी पोचता येतं. १७०३ मध्ये बांधलेली ही तटबंदी कोरियातली सर्वात लांब. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ किरकोळ वाटेल. उतरून दोंग्नेच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात अंग शेका. मात्र तिथे बायका-पुरुष वेगळे असले तरी आत कोणीच कपडे घालत नाही, आणि पोहण्याचा पोशाख घालून गेलात तर तुमच्याकडेच सगळे बघतील.

चालणं नको असेल, किंवा त्याच दिवशी विमान असेल, तर गिम्हे. विमानतळाची तीच उन्नत रेल्वे पुढे गिम्हेला जाते; 'सुरो राजाची समाधी' याच नावाचं स्थानक आहे. तेराव्या शतकात इल्योन या भिक्षूने लिहून ठेवलेल्या कथेनुसार इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या दूरच्या राज्याची सोळा वर्षांची राजकन्या जहाजाने इथे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. हो ह्वांगओक तिचं नाव. आयुता म्हणजे अयोध्या असं पुष्कळ लोक मानतात. इतिहासकारांच्या त्यावर शंका आहेत, पण गिम्हेच्या किम आणि हो कुळातल्या लाखो लोकांना शंका नाहीत. २००१ साली अयोध्येत तिचं स्मारकही झालं.

राजाची समाधी म्हणजे हिरवळीचा मोठा गोल उंचवटा, आणि दारावर समोरासमोर काढलेले दोन मासे. राणीची समाधी तिथून वीसेक मिनिटांच्या चालीवर, टेकडीच्या पायथ्याशी. बाजूला एका छपराखाली तांबूस, झिजलेल्या दगडांची छोटी रास एकावर एक रचलेली आहे. समुद्र खवळू नये म्हणून राणीने जहाजातून आणलेले हे दगड, असं सांगतात. नंतर पुढच्या दर्यावर्दींनी त्यांचे कपचे तोडून जवळ ठेवले म्हणे, म्हणून त्यांना आकार उरलेला नाही.

आई त्या दगडांकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढ्या लांब दिलेली पोर. पुन्हा माहेरी गेली असेल का गं कधी?"

कथेत तसं काही नाही, मी म्हटलं. ती काही बोलली नाही. पर्समधून कुंकवाची डबी काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि रखवालदार येताना दिसला म्हणून परत ठेवली. तिथून विमानतळ अर्ध्या तासाच्या आत आहे. बॅगा आधीच तिथल्या लॉकरमध्ये टाकून आलात तर वेळ पुरतो.